जनरेटरच्या पॅनेलची चोरी

बरेचसे गुन्हे फाईल बंद झाली की डोक्यातून जातात. हा एक मात्र अजून लख्ख आठवतो, आणि तो आठवला की मन पुन्हा जळगाव-धुळे रस्त्याला लागतं.

तेव्हा माझ्याकडे जळगावच्या औद्योगिक वसाहतीतलं पोलीस ठाणं होतं. सकाळची हजेरी आटोपून चहा सांगितला होता, तेवढ्यात एक कारखानदार आत आले. वसाहतीत सगळे त्यांना नाना म्हणत. अमळनेरकडच्या शेतकरी घरातला माणूस, स्वतःच्या हिमतीवर कारखाना उभा केलेला. लाईट गेली की दवाखान्याचा पुरवठा आपोआप जनरेटरवर घेणारं पॅनेल ते बनवत. त्याची रचना त्यांची स्वतःची होती आणि ती त्यांनी जिवापाड जपली होती. आता धुळ्यातला एक कारखानदार हुबेहूब तेच पॅनेल विकत होता.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

नाना रुमालाने तोंड पुसत राहिले. मग एकदम घरच्या अहिराणी बोलीत आले, "साहेब, मनी पोरच शे ती. पन मंग दुसरं कोन?"

'ती', म्हणजे नानांनी स्वतःच्या पोरीसारखी मानलेली, त्यांच्याकडे अनेक वर्षं डिझाईन सांभाळणारी इंजिनिअर बाई. नोकरी सोडून त्या धुळ्याला, देवपुरात, नोकरदार इंजिनिअरांना शिकवू लागल्या होत्या. विषय दोन. आपत्कालीन वीजपुरवठ्याचे नियम, आणि कंपनीची व्यापारी गुपितं कशी राखायची. माझे हवालदार हसले, "साहेब, चोरच कुलपं विकतोय म्हणा की."

बाईंवर विश्वासघात आणि माहितीच्या चोरीचा गुन्हा नोंदवला. दोन-चार दिवसांत एका खबऱ्याने निरोप आणला, की धुळ्याच्या त्या कारखान्याचा फोरमन दर रविवारी बाईंच्या वर्गाला जातो. धागा जुळल्यासारखा वाटला. मी रविवारी साध्या कपड्यांत एसटीने निघालो. समोरून केळीचे ट्रक येत होते. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात उतरलो आणि वर्गात मागच्या बाकावर बसलो.

पंचेचाळिशीच्या बाई, साधी सुती साडी, खणखणीत आवाज. ऑपरेशन चालू असताना लाईट गेली तर दवाखान्यात कोणते दिवे, कोणती यंत्रं आधी चालू झाली पाहिजेत, हे त्या फळ्यावर समजावत होत्या. एकाने विचारलं, "मॅडम, मालाची चूक कंपनी गुपित म्हणून दाबत असेल तर?"

"आधी मालकाला सांगायचं. पुन्हा सांगायचं. तरी ऐकलं नाही तर त्या कामावर आपली सही करायची नाही," त्या म्हणाल्या. "कामाची युक्ती हे गुपित असतं. माणूस दगावेल अशी चूक हे गुपित नसतं."

त्यांनी नाव कोणाचंच घेतलं नाही. तास संपल्यावर मी ओळख दिली आणि दुसऱ्या दिवशी जबाबासाठी जळगावला बोलावलं.

जबाबात मात्र त्या अडून बसल्या. "नानांच्या पॅनेलबद्दल मी काही सांगणार नाही. नोकरी सोडताना तसा शब्द दिलाय."

"मॅडम, गुन्हा तुमच्यावर आहे."

"माहीत आहे. नानांनी परवानगी दिली तर सांगते."

स्वतःवर बालंट आलेलं असताना फिर्यादीचं गुपित जपणारा आरोपी मी त्याआधी पाहिला नव्हता. मी नानांनाच बोलावून समोर बसवलं. दोघं एकमेकांकडे बघेनात. शेवटी नाना म्हणाले, "सांग. बठ्ठं सांग."

मग बाईंनी सगळं सांगितलं. लाईट जाऊन क्षणभर आली आणि पुन्हा गेली, की ते पॅनेल मध्येच अडकत असे. जनरेटर चालू, पण दवाखाना अंधारात. त्यांनी दुरुस्ती शोधली होती. नाना म्हणाले होते, हातातल्या ऑर्डरी आधी पुऱ्या होऊ देत, पुढच्या खेपेला बघू. त्यावरूनच बाईंनी नोकरी सोडली होती. नाना मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी एकही शब्द नाकारला नाही.

धुळ्याचं पॅनेल आम्ही जप्त केलं आणि पंचांसमोर तज्ज्ञाकडून तपासून घेतलं. पुरवठा तोडला, क्षणभर जोडला, पुन्हा तोडला. खट्ट आवाज झाला आणि पॅनेल अडकलं. नक्कल जुन्या रचनेची होती, चुकीसकट. ज्या चुकीपायी बाईंनी भाकरीवर पाणी सोडलं, तीच चूक त्या दुसऱ्याला विकतील हे मला पटेना.

बाईंच्या संगणकाशिवाय जुनी रचना नानांच्या कारखान्यात आणखी एका संगणकावर होती, विक्री विभागाच्या. तो विभाग नानांचा पुतण्या बघायचा. त्याला बोलावलं, चहा पाजला, गावाकडच्या गप्पा काढल्या. आडदांड माणसाला दरडावून चालतं. दुखावलेल्या माणसाला फक्त ऐकणारा लागतो. "काकांनी मला नुसतं ऑर्डरी आणायला ठेवलं," तो म्हणत होता. मी सहज म्हणालो, "मग दिलीसच तर दुरुस्त केलेली रचना तरी द्यायचीस."

"कसली दुरुस्ती? माझ्याकडे तर ती एकच..." तो थांबला. त्याने कप खाली ठेवला आणि हमसून हमसून रडू लागला. धुळ्याच्या कारखान्यात त्याला भागीदारी कबूल झाली होती.

नाना संध्याकाळी ठाण्यात आले. "घरनं पोर शे, साहेब," एवढंच म्हणाले. मी सांगितलं, पोर घरचं असलं तरी गुन्हा दाखल आहे, आता निकाल कोर्ट देईल. पुतण्यावर आणि धुळ्याच्या मालकावर दोषारोपपत्र गेलं. बाईंचं नाव वगळलं.

पण माझं काम तिथे संपलं तरी नानांचं संपलं नव्हतं. त्यांची पॅनेलं किती तरी दवाखान्यांत बसली होती. यावलच्या एका प्रसूतिगृहातही. पुढच्याच रविवारी ते देवपूरला गेले. मलाही आग्रहाने नेलं. भरल्या वर्गात ते फळ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम नाव घेत नाहीत. मी घेतो. ते पॅनेल माझं. चूक माझी. दुरुस्त करायला माणसं पाहिजेत."

बाईंनी खडू ठेवला. "यावलपासून सुरू करू, नाना," त्या म्हणाल्या. वर्गातली निम्मी माणसं हात वर करून उभी राहिली. त्यात धुळ्याच्या कारखान्याचा तो फोरमनही होता.

नोकरीत मी गप्प बसणारी माणसं पुष्कळ पाहिली. शब्द राखायला गप्प बसलेला आणि पाप झाकायला गप्प बसलेला, दोघं वरून सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक ओळखायला कायद्याच्या पुस्तकाचा उपयोग होत नाही. त्यासाठी माणसाजवळ बसावं लागतं. हे मला त्या खटल्याने शिकवलं. आणि इतक्या वर्षांनी त्यातलं कलम कोणतं होतं ते आठवायला वेळ लागतो, पण भरल्या वर्गात "चूक माझी" म्हणणाऱ्या नानांचा आवाज अजून कानात आहे.