शंख वाजला की सुटणारी शाळा

मासेमारीच्या होड्या किनाऱ्याला लागल्या की कुणीतरी शंख फुंकायचं. तो आवाज अजून कानात आहे, कारण त्यासरशी माझा निम्मा वर्ग पळायचा. दिवेआगरजवळच्या कोळीवाड्यातली ती मास्तर म्हणून माझी पहिली शाळा. यंदा माघात मनाने घेतलं, एकदा पाहून यावी. माझाच विद्यार्थी विनायक तिथे आता हेडमास्तर आहे, हे एक निमित्त. खरं कारण हशा नावाचा एक कोळ्याचा पोरगा. शंख वाजला की सगळ्यांत आधी तो पळायचा. वीस वर्षांपूर्वी मी चिडून पटावरून त्याचं नाव काढलं. कविता मात्र त्याच्याइतकी गोड दुसरं कुणी म्हणत नसे.

अलिबागेहून पहाटेच निघावं. रेवदंड्याची खाडी ओलांडली की मुरुडापर्यंत बैलगाडी. कंबर खिळखिळी होते, पण उजव्या हाताला समुद्र सोबत असतो. दशम्या बांधून घ्याव्यात. मुक्काम मुरुडास. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघीला तरीची होडी, उतारू एकटा मीच.

"कुठं चाललाव, मास्तर?" दाढीवाल्या नावाड्याने विचारलं.

"मास्तर कशावरून?"

"छत्री काखेत, वही छातीशी. दुसरं कोन असनार?"

हसलो. कवितांची ती वही उघडून दोन कविता त्याला म्हणून दाखवल्या आणि बोलण्याच्या भरात हशाची गोष्टही सांगितली. "त्याला भेटून एकदा म्हणायचंय, माझं चुकलं."

"न्हाय भेटला तर?"

"तर हे ओझं घेऊनच जायचं."

तो शिडाकडे बघत राहिला. दिघीला मला हात धरून उतरवलं.

दिवेआगरला नारळी-पोफळीच्या सावलीतून गाडी गेली आणि मी तिशीतला झालो! विनायकाच्या घरी गरम आंबोळ्या खाऊन वर्गात मागे जाऊन बसलो. कविता रंगात आली आणि शंख वाजला. विनायकाने पुस्तक मिटलं. "जा, टोपल्या उतरवून या."

"अरे, वर्ग चालू आहे ना?"

"पळून जायचे तेव्हा परत येत नसत, गुरुजी. आता सांगून जातात, म्हणून येतात."

तासाभराने ओल्या पायांची पोरं आली. शेवटी एक मुलगी उंबऱ्यात घुटमळली. कुणी काही विचारलं नाही; चटईवरची पोरं सरकली, तिला जागा झाली.

"ही शिस्त तू लावलीस?"

"त्यांचीच आहे. मी फक्त मोडली नाही."

मग धीर करून हशाचं विचारलं. विनायक हसतच सुटला. "गुरुजी, तुम्हाला दिघीला आणलं कुणी? तरीवर हशाच असतो!"

परतताना दिघीच्या तरीवर दुसराच नावाडी. "हशा कालधरनं न्हाय," एवढंच म्हणाला. वहीही हरवली होती, बहुधा हशाच्याच होडीत. माझं तोंड बघायला नको म्हणून तो टळला असावा, असंच वाटेभर वाटत राहिलं.

घरी आलो. विनायकाची शाळा मनात घोळत होती. मी तिथे हजेरी पाहिली, त्याने पोरं पाहिली. दुपारी चटईवर हे लिहीत बसलो होतो, तोच दारात सावली पडली. दाढी, ओले पाय, हातात माझी वही.

"पत्ता व्हता वहीवर, होडीनंच आलो," हशा म्हणाला. उंबऱ्याबाहेरच थांबला. "आत येऊ का, मास्तर?"

मी चटईवर सरकलो.