पाहुणा आत आहे

स्वतःच्या घराची कडी वाजवून बाहेर थांबणारा म्हातारा मी एकच पाहिला. सालिम अर्बाब; मालकाला तिकडे अर्बाब म्हणतात. ओमानात खाबुऱ्याजवळ खजुरीच्या बागेत त्याचं जुनं मातीचं घर. मुलगा सईद मस्कतला नोकरीला. त्याने ते घर फिरायला येणाऱ्या परदेशी लोकांना चार-चार दिवस भाड्याने द्यायचं काढलं. भिंती लिंपायला मला आणलं, मग राखणीलाही ठेवलं. म्हाताऱ्याची खाट गेली अंगणापलीकडे, खजूर साठवायच्या कोठीत.

मला राग यायचा. "अर्बाब, मालक तुम्ही, आणि कडी वाजवता?"

"पाहुणा आत आहे ना, रफीक? मग मी बाहेर बरा."

भाडं देणारा कसला पाहुणा! पण हे त्याच्या डोक्यात शिरायचंच नाही. रोज दुपार कलली की डाव्या हातात कॉफीची किटली, उजव्या हातात बिनकानाचे छोटे कप घेऊन तो अंगणात हजर. पुरे झालं की कप हलवायचा, हे प्रत्येकाला खुणेने शिकवायचा. एकदा त्याला खोकला झाला तर सईद मला म्हणाला, कॉफी तू दे. मी साफ सांगितलं, मी रत्नागिरीचा गवंडी आहे, कुणापुढे कप धरणार नाही. म्हातारा खोकत खोकत हसला. "बघा! माझ्यापेक्षा हाच अर्बाब शोभतो."

एक गोष्ट मात्र त्याने माझ्याकडून कबूल करून घेतली होती. "पूर्वेच्या खोलीत माझी आई गेली, बायको गेली. माझी वेळ आली की मला तिथे न्यायचं. मुलाचा भरवसा नाही. तू हट्टी आहेस, तू नेशील."

"नेणार म्हणजे नेणार."

"इन्शाल्ला म्हण, गाढवा."

त्या हिवाळ्यात एक जपानी नवरा-बायको आली. पूर्वेची खोली त्यांना दिली. उंबऱ्याबाहेर चपला काढून नीट जोडून ठेवणारी तेवढीच दोघं. म्हातारा खूश. "यांना माझ्या आईनेही घरात घेतलं असतं."

दुसऱ्याच दिवशी जेवणानंतर त्याचा श्वास लागला. फोनवर सईद म्हणाला, दवाखान्यात ने, खोलीचं काढू नको, आत लोक आहेत. म्हातारा म्हणाला, "दवाखाना खलास." आणि कोठीच्या दारातून पूर्वेच्या खोलीकडे बघत राहिला. मी तडक उठलो, अंगण ओलांडलं, कडीला हात घातला.

"रफीक! झोपलेत ते."

"उठवतो. खोली तुमची आहे."

"माझी आहे म्हणूनच उठवायचं नाही."

मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. त्या दिवशी मी कडी सोडली. परत येऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "कॉफी राहिली," एवढं म्हणाला. थोड्या वेळाने गेला, खजुराच्या पोत्यांमध्ये.

सईदला कळवलं. कोठीचं दार लोटलं. तेवढ्यात ती दोघं उठून अंगणात येऊन बसली, कॉफीची वाट बघत. मी किटली डाव्या हातात घेतली, कप उजव्या. बाईने दुसऱ्या कपानंतर त्याने शिकवला होता तसाच कप हलवला, आणि हाताने विचारलं, म्हातारबाबा कुठे?

मी गालाखाली हात ठेवून दाखवलं, झोपलाय.

दोघांनी लगेच बोलणं थांबवलं. चपला हातात घेतल्या आणि कोठीसमोरून अनवाणी, पाय न वाजवता गेली.