मोठ्या मनाच्या माणसाची चौकशी

आमच्या चेंबूरच्या सरकारी ऑफिसात पतपेढीचं कर्ज काढायचं तर दोन सहकाऱ्यांना जामीन राहावं लागतं. सही मागायला कुणी आलं की बाकीचे चष्मा घरी विसरल्याचं सांगतात. मला ते जमत नाही. असाच शेजारच्या टेबलावरच्या मित्राला जामीन राहिलो. त्याने नोकरी सोडली, फोन नंबर बदलला, आणि त्याचे हप्ते माझ्या पगारातून कापले जाऊ लागले. ही तूट बायकोला कळू नये म्हणून मी बँकेचं वैयक्तिक कर्ज काढलं. डोकं चालवण्यात मी पहिल्यापासून असाच हुशार.

आणि नेमकं गोपनीय विभागासाठी माझं नाव निघालं. बढती होती, वर भत्ता होता, आणि माझ्या वयाला अशी संधी दुसऱ्यांदा येणार नव्हती. फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. फॉर्ममध्ये एक रकाना होता, देणी. मी गृहकर्ज लिहिलं आणि थांबलो. जामीन म्हणजे काही कर्ज नव्हे, असं स्वतःला समजावलं. वैयक्तिक कर्जाबद्दल काय समजावलं ते आता आठवत नाही. समोर बायको भेंडी चिरत होती, एवढं आठवतं.

एका रविवारी सकाळी साध्या कपड्यातले एक साहेब मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये आले. आधी खाली सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. सेक्रेटरी माझे जुने शेजारी, त्यांनी मला पास करायचंच ठरवलं होतं. मग साहेब वर आले.

"खाली तुमचं फार कौतुक आहे," पोह्यांची डिश बाजूला सारत ते म्हणाले. "लिफ्टच्या दुरुस्तीला पैसे कमी पडले, तर तुम्ही पंचवीस हजार भरले. वॉचमनच्या मुलीची फी भरली. कुणालाच नाही म्हणत नाही म्हणे."

मी चक्क लाजलो.

"या पगारात जमतं कसं?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "साहेब, आमचे हे फार जपून असतात हो. घराचं कर्ज सोडलं तर कुणाचं एक पैशाचं देणं नाही."

तिच्या आवाजात अभिमान होता.

साहेब माझ्याकडे बघत होते. "रागावू नका. पैशाची नड असलेल्या माणसाला गाठणं सोपं असतं. त्या विभागातले कागद बघता हे विचारावंच लागतं."

मग मी सांगितलं. जामीन, कापला जाणारा पगार, बँक, सगळं.

"किती?" हे बायकोने विचारलं.

मी आकडा सांगितला.

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं! मिक्सर बदलू म्हटलं तर मला सेलची वाट बघायला लावलीत, आणि लिफ्ट तुमच्या पैशांवर वर-खाली करतेय?"

साहेबांनी कागदांत डोकं घातलं. जरा वेळाने कोरा कागद पुढे करून म्हणाले, "हे लिहून सही करा. कर्ज आहे म्हणून कुणी आपोआप बाद होत नाही. पण फॉर्मवर हे असायला हवं होतं. मी काही शब्द देत नाही."

दोन महिन्यांनी ऑर्डर निघाली, माझ्या ज्युनियरच्या नावाने. कारण कुणी सांगत नाही, मीही विचारलं नाही. सेक्रेटरी तेवढे अजून हळहळतात, "मी एवढं चांगलं सांगितलं यार, तरी?"

बढती गेल्याचं बायकोने एकदाही बोलून दाखवलं नाही. कर्जाचे कागद तिने माझ्याकडून मागून घेतले आणि हप्ते आता तीच भरते. फक्त एकदा, कपड्यांच्या घड्या घालताना, वर न बघता म्हणाली, "पोलीस घरात आले तेव्हा बोललात. मी रोजच घरात होते."

मी उशीचे अभ्रे घडी घालायला घेतले. तेही तिने काढून घेतले आणि त्यांच्या नीट घड्या घातल्या.