पुलावर पाणी, साइटवर गर्दी

चामोर्शीत खताच्या दुकानावरच्या खोलीत आमची बातम्यांची वेबसाइट चालते. बातम्या संपादक भाऊ लिहितात, यंत्राचं मी पाहतो. एरवी वाचकांची वाट पाहून आमचे डोळे शिणतात. साइट उघडली की आधी कुणा ना कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस दिसतो, भलामोठा, हात जोडलेला. बातमी त्याच्या खाली कुठंतरी. भाऊंना त्या फोटोंचं भारी कौतुक.

मागच्या श्रावणात एका दुपारी गडचिरोलीच्या वाटेवरच्या नाल्याला पूर आला. पूल बुडाल्याची बातमी आम्ही सगळ्यांच्या आधी टाकली. अख्खा तालुका ती वाचायला धावला आणि साइट बंद पडली.

तेवढ्यात टेबलावर चार्जिंगला लावलेला वहिनींचा फोन भाऊंना दिसला. वहिनी सकाळी तो विसरून गडचिरोलीला गेल्या होत्या आणि आता परतीच्या गाडीत बसायच्या बेतात असणार. वाटेत अडकल्या तर पुढे पाणी, मागे जंगल, आणि त्यांना दम्याचा त्रास. स्टँडवरचा फोन कुणी उचलेना. तिथल्या कुणीतरी आमची बातमी वाचावी, एवढाच भरवसा उरला होता.

भाऊंनी घाईघाईनं काय करावं? गावोगावच्या सगळ्या ग्रुपवर लिहिलं, "साइट सुरू झाली का, उघडून पाहा."

मी कपाळाला हात लावला. "भाऊ, काऊन बोलावून राह्यले लोकायले? गर्दीनंच तर बंद पडली!"

"मंग मले कसं समजन, सुरू झाली का नाई ते?"

"आधी हे जड फोटो काढू द्या."

"अरे, आज साहेबाचा वाढदिवस हाय!"

"अन् वहिनी?"

भाऊंनी स्वतःच माऊस ओढून साहेबांना उडवलं. मी जाहिराती, व्हिडिओ, प्रतिक्रिया, सगळं उतरवलं. उरलं कोरं पान आणि त्यावर एक ओळ: नाल्याच्या पुलावर पाणी, रस्ता बंद, निघू नका. असलं हलकं पान कितीही लोकांनी मागितलं तरी यंत्राला जड जात नाही. साइट उघडू लागली. पण वहिनींपर्यंत ते पोचलं की नाही, हे कळेना, आणि मला खरंच भीती वाटत होती.

दिवेलागणीला अनोळखी नंबरवरून फोन आला. वहिनी होत्या. कंडक्टरनं ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली आणि ड्रायव्हरनं सुरू केलेली गाडी बंद केली. आता त्या बहिणीकडे मुक्कामी होत्या.

भाऊंनी विचारलं, "आमचीच साइट होती ना?"

"तुमचीच. मले आधी खरं नाई वाटलं," वहिनी म्हणाल्या. "हात जोडून कोणी उभंच नोयतं."