पोळ्याच्या आदल्या दिवशीची गाठ

स्टोव्हला पिन मारून झाली की मावशी ती पिन कपाळाला लावायच्या. "ज्यानं हे काढलं, त्याचं भलं कर रे बाप्पा," म्हणायच्या आणि मगच काडी ओढायच्या.

जामच्या फाट्यावर त्यांची चहाची टपरी होती. माझं गाव समुद्रपूरच्या पलीकडे आणि नोकरी वर्ध्याला, त्यामुळे गाडी बदलायला मला जामलाच उतरावं लागे. दहा वर्षं मी तिथं चहा प्यालो. मावशींचे आभार ओळखीच्या माणसांसाठी नसायचे. टॉर्च, सेफ्टी पिन, तेलाचा कॅन, बाटलीचं झाकण, काहीही हातात आलं की ते पहिल्यांदा करणाऱ्या कुण्या न पाहिलेल्या माणसाला त्या हात जोडत. एकदा एका ट्रकवाल्यानं छेडलं, "मावशी, अन् मच्छर ज्यानं काढले, त्याचं?"

"त्याचा पत्ता आन. त्याच्याशी बोलाचं हाय मले."

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. आपण हसतो आणि चहा पिऊन निघतो. मीही तेच केलं असतं, तर हे लिहायची पाळी आली नसती.

मी वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आमच्याकडे येते. ती आल्याबरोबर चिरायची आणि भरपूर फॉर्मॅलिनमध्ये बुडवायची. नाहीतर ते टिकवणारं औषध आतपर्यंत पोचत नाही आणि गाठ आतून सडते. सडलेल्या गाठीवर पुढच्या बारीक तपासण्या खऱ्या उतरतीलच असं नाही. डॉक्टर रजेवर असले की चिरून ठेवायचं काम माझं.

मावशींच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन नेमकं पोळ्याच्या आदल्या दिवशी झालं. गाठ दुपारी माझ्या टेबलावर आली तेव्हा अर्धा दवाखाना गावाला पांगला होता. मलाही गाडी पकडायची होती. बैलांच्या शिंगांना रंग लावायचा होता, पोरीचा लाकडी बैल तान्ह्या पोळ्यासाठी सजवायचा होता. मी गाठ होती तशी बरणीत टाकली. बरणी लहान होती. फॉर्मॅलिन गाठीवर जेमतेम चढलं. झाकण लावलं आणि निघालो.

जामला उतरलो तर टपरीवर मावशींचे यजमान एकटेच. सगळे त्यांना काका म्हणत. चहा देताना म्हणाले, "आज काढली गाठ. सून हाय तिच्यापाशी. तुमच्याकडंच आली असंन ना?"

"हो, आली," मी म्हणालो.

"मंग चिंता नाई."

मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

पोळा, तान्हा पोळा, त्याला लागून रविवार. चौथ्या दिवशी झाकण उघडलं. तो वास मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्या दिवसानंतर कितीतरी महिने माझ्या बोटांना जेवताना तो यायचा आणि बायको म्हणायची, काही येत नाही, उगाच हात धुवत बसू नका. गाठीचा मधला भाग करडा, पिळपिळीत झाला होता. मी कडेचे त्यातल्या त्यात बरे तुकडे घेतले आणि रजिस्टरात लिहिलं, 'आल्याबरोबर चिरून फॉर्मॅलिनमध्ये ठेवली.' अक्षर माझं चांगलं आहे. ती ओळही सुरेख आली.

त्या वर्षांत स्तनाच्या कॅन्सरवरचं एक नवं औषध आलं होतं. काही गाठींच्या पेशींवर एक खूण जास्त असते. ते औषध ती खूण शोधून नेमकं तिथंच चिकटतं. आमच्या भागात कोणाला ते विकत घेणं शक्य नव्हतं. पण कंपनीच्या एका योजनेत, तपासणीत खूण सापडली तर ते फुकट मिळणार होतं. मावशींच्या गाठीचे तुकडे तपासणीला मुंबईला गेले. अहवाल आला, खूण नाही.

कदाचित खरंच नसेल. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता त्याचीही शिसारी येते. कारण खरं काय ते कळायला एक वाट होती. ऑपरेशनच्या आधी सुईनं काढलेला एक तुकडा आमच्या कपाटात होता. तो मीच फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरवलेला होता, त्यात खोट नव्हती. डॉक्टरांना एवढंच म्हणायचं होतं, "सर, त्या तुकड्यावर पुन्हा पाठवू या." त्यांनी विचारलं असतं, "का?" त्या एका 'का'साठी मी गप्प बसलो.

मावशी नेहमीची केमोथेरपी घ्यायला येत तेव्हा प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसत. डोक्यावरचे केस गेलेले, पदर घट्ट ओढलेला. एकदा म्हणाल्या, "भाऊ, ते औषध माह्या गाठीले चिकटत नाई म्हणतात. काऊन?"

मी त्यांना खूण, पेशी, सगळं समजावलं. फार छान समजावलं.

"लय डोकं लावलं असंन बाप्पा त्या लोकायनं," त्या म्हणाल्या. "माह्या शेजारच्या पलंगावरची पवनारची बाई पाहा. तिले लागू पडलं. जेवून राह्यली, हसून राह्यली. ज्यायनं काढलं, त्यायले एक चिठ्ठी लिहाची हाय मले. तुमचं अक्षर चांगलं हाय म्हणतात."

मी लिहून घेतली. त्या सांगत गेल्या, "तुमाले नमस्कार. तुमी मले पायलं नाई, मी तुमाले पायलं नाई. तुमचं औषध मले भेटलं नाई, पण माह्यासमोर एक बाई त्यानं उठून बसली. तिचं लेकरू लहान हाय. तुमच्या घरी सगळे सुखी राहो. जामच्या फाट्यावरून जाणं झालं तर चहा घेऊन जाजा."

काही महिन्यांनी कंपनीनं दवाखान्यात कृतज्ञता मेळावा घेतला. औषध शोधणाऱ्यांपैकी एक जण परदेशातून येणार, अशी बोलवा होती. त्याला पाहायला म्हणून मावशी आल्या, सोबत सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा घेऊन. तो आलाच नाही. कंपनीचे टाय लावलेले दोघे आले. बऱ्या झालेल्या बायकांना छातीवर गुलाबी फिती लावून पहिल्या रांगेत बसवलं, हात कसे जोडायचे ते दाखवलं, फोटोसाठी पुन्हा जोडायला लावले. पवनारच्या बाईला तीनदा रडायला सांगितलं. ती बिचारी तिसऱ्यांदा खरंच रडली.

मावशींची चिठ्ठी मी वाचायची होती. टायवाल्यानं आधी चाळली आणि म्हणाला, "ते 'भेटलं नाही'वालं वाक्य सोडा. लोक गोंधळतात." मी सोडलं. त्यानं सांगितलं म्हणून सोडलं, असं म्हणायला मला आवडेल. खरं तर मला सुटल्यासारखं झालं. उरलेली चिठ्ठी ऐकून सभागृहाला वाटलं, की ह्या बाईलाही औषधानंच वाचवलं. टाळ्या झाल्या. मग प्रयोगशाळेच्या 'अचूक कामाबद्दल' मलाच व्यासपीठावर बोलावून शाल पांघरली. नवी शाल होती, तिला खळीचा वास येत होता, आणि त्या खळीखालून मला बरणीचाच येत होता. समोर मावशी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या.

बाहेर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, एक वाक्य सुटलं तुमच्याकडून."

"हो का?"

"चष्म्याचा नंबर तपासून घ्या. दिवसभर त्या काचेत डोळे घालून बसता. आमच्यासाठीच ना."

सांबारवड्यांचा डबा टायवाल्यांनी उघडला नव्हता. मावशींनी तो माझ्या हातात ठेवला. "ते नाई आले तर तुमी घ्या. तुमी बी त्यायच्यातलेच." मी घरी नेला. आम्ही चौघांनी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. मी दोन जास्तच खाल्ल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा आजार यकृतात उतरला. डॉक्टर वऱ्हांड्यात मला म्हणाले, "ही बाई त्या खुणेला पॉझिटिव्ह निघाली असती, तर अजून काही करता आलं असतं." कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. "हो ना सर," मी म्हणालो. मावशी पावसाळ्याच्या आत गेल्या.

त्यानंतर मी जामला उतरणं सोडलं. हिंगणघाटवरून लांबचा फेरा घेऊन गावाला जायचो. घरी सांगायचो, त्या गाडीत जागा मिळते. अशी पाच वर्षं गेली. मग एका सकाळी, का ते मलाही सांगता येणार नाही, मी जामचं तिकीट काढलं.

टपरी तीच होती. काका वाकले होते, पण मला ओळखलं. "किती दिसांनी, साहेब. बसा." चहा ठेवला. म्हणाले, "ती शेवटपर्यंत तुमचं नाव घे. आमच्या सुनेले सांगून गेली, काही झालं तर त्या साहेबाकडं जाजो, ते नीट तपासते."

मग मी सांगितलं. बरणी, पोळा, वास, रजिस्टरातली ओळ, कपाटातला तुकडा. एकाही गोष्टीला मऊ शब्द वापरला नाही. काका ऐकत होते आणि चहाला उकळी येत होती. ती उतू गेली, तरी त्यांनी स्टोव्ह बारीक केला नाही.

त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुमी इथं बसून चहा पेले होते ना?"

"हो."

"मी पैसे बी नव्हते घेतले."

माझ्यासमोरचा ग्लास अर्धा भरलेला होता. त्यांनी तो उचलला, चहा नालीत ओतला आणि ग्लास बादलीत विसळला. उजेडात धरून पाहिला. राखेनं घासून पुन्हा धुतला. पुन्हा पाहिला. मग तो बाकीच्या ग्लासांच्या रांगेत न ठेवता टपरीमागच्या उकिरड्याकडे घेऊन गेले. तो फुटल्याचा आवाज मी बाकावर बसूनच ऐकला.