पेलेटची शेगडी आणि मागची भिंत

दसरा झाला की माझी बायको पिशोरला जाते आणि थंडी सरल्यावर परत येते. पूर्वी दिवाळी करून जायची, आता दिवाळीही तिकडंच होते. कुणी विचारलं तर मी सांगत आलो, की तिची थोरली बहीण एकटी आहे, तिच्या सोबतीला जाते. बहीण एकटी आहे हे खरं. पण जाण्याचं कारण ते नाही. पिशोरच्या घरात चूल आहे. माझ्या घरातही होती, ती मी फोडायला लावली, आणि नाव दुसऱ्याचं घेतलं. मुलगा आणि मुलगी दोघांनाही हे माहीत नाही. त्यांच्यासाठी लिहून ठेवतो आहे.

यंदा मी ठरवलं, की ती जायला निघते त्या थंडीचाच बंदोबस्त करायचा. वापरून पाहिलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या. विजेचा हीटर आणला होता, त्यानं तिचा घसा कोरडा पडायचा. "ही कसली ऊब," ती म्हणायची, "नुसतं तांबडं दिसतंय." गॅसवर चालणारा आणला तर वासानं तिचं डोकं धरलं. मग चितेगावच्या रस्त्याला एका ओळखीच्या माणसाकडं पेलेट पाहिले. कापसाच्या पऱ्हाट्या आणि सोयाबीनचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या कांड्या. कारखान्यांच्या बॉयलरला जातात. हातात घेतल्या तर ओल्या लाकडाच्या वखारीसारखा वास आला. म्हणाला, धूर कमी, राख मूठभर. त्याच्याकडून पत्ता घेऊन मी शहागंजच्या मागच्या गल्लीत एका भट्ट्या बनवणाऱ्याकडं गेलो.

तो हॉटेलांना पेलेटच्या भट्ट्या करून देतो. खोली गरम करायची म्हटल्यावर त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली.

"चचा, इसको बुखारी बोलते. पहाडों में लगती. अपने यहां कायकू होना?"

"बायकोला थंडी वाजते."

"तो स्वेटर लेके दो. सस्ता पडता."

"स्वेटरपुढं बसता येत नाही."

यावर तो हसला आणि चहा मागवला. त्याच्याकडं दोन नमुने होते. एक बटणांचा. त्यात पेलेट आपोआप पडतात, खोली किती गरम झाली ते आकड्यांत दिसतं, पण चारही बाजूंनी पत्रा. दुसरा साधा. वरून पेलेट ओतायचे, खाली छोटा पंखा हवा देतो, आणि पुढं जाड काचेचं दार. पहिला घ्या, हात काळे होत नाहीत, असं तो म्हणत होता. मी काचेचा घेतला. तिला जाळ दिसायला हवा होता. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं तिला पाहत होतो.

तिचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपणी ती मेंढरांच्या तळावर, उघड्या रानात झोपलेली. पुढून शेकायचं आणि पाठीवर घोंगडी घ्यायची, अशी तिची थंडी. सिडकोत आम्ही घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघरात गॅस आला, तरी मागच्या मोकळ्या जागेत तिनं पिवळ्या मातीची चूल घातली. संध्याकाळी तिथं बसायची. मुलं तिच्या दोन्ही बाजूंना, ताटलीत भाजलेल्या शेंगा. मी आत खुर्चीवर पेपर वाचत असे. पाटबंधारे खात्यात कारकून होतो, घरी धूर असणं मला बरं वाटत नसे. मागची भिंत काळी झाली होती. शेजारी हसत हसत म्हणाले होते, "तुमच्याकडं रोज हुरडा पार्टी असते वाटतं."

त्या वर्षी आमचे साहेब बायकोसह जेवायला येणार होते. ही मुलांना घेऊन पिशोरला लग्नाला गेली होती. मी मागच्या भिंतीला गिलावा करून घ्यायला गवंडी बोलावला. गवंडी म्हणजे तिचा मावसभाऊ. त्याची आई लवकर गेल्यामुळं तो हिच्याच घरी वाढला. हिला सख्खा भाऊ नाही, भाऊबीजेला ओवाळायची ती यालाच. मी त्याला म्हटलं, चूलही काढून टाक.

त्यानं विचारलं, "आक्काला विचारलं का?"

मी म्हटलं, "तिनंच सांगितलंय."

ती परत आली तेव्हा चुलीच्या जागी नवी फरशी होती. तिनं काही विचारायच्या आधीच मी बोलून गेलो, की तुझ्या भावाची मालाची परात वरून निसटली, चूल फुटली, मग फरशी घालून टाकली. इतकं सहज आलं तोंडातून. दुसऱ्या दिवशी तो उरलेलं काम करायला आला. ती दारातच उभी राहिली.

"माझ्या चुलीचं मातेरं केलंस, आणि सांगायला तोंड नव्हतं तुला?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पेपर वर धरला. आज लिहितानाही मला त्या पानावरची पत्र्याच्या कपाटांची जाहिरात दिसते. त्यानं थापी धुतली, पिशवीत घातली आणि गेला. त्या भाऊबीजेला तो आला नाही, तिनंही निरोप धाडला नाही. मग दोघांनाही तीच सवय झाली. मी घालू म्हणत होतो, पण पुन्हा चूल तिनंच घातली नाही. "एकदा मोडली ती मोडली," म्हणाली.

भट्टीवाल्यानं शेगडी बसवायला जागा पाहिली. धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढून छताच्या वर न्यायचा होता. मुख्य खोलीची एकच भिंत बाहेरच्या मोकळ्या हवेला लागून होती, मागची. "मशीन से मत मारना," तो म्हणाला, "पुरानी दीवार है, तडकेगी. अच्छा मिस्तरी बुलाओ. उतार बाहर को रखना, नहीं तो बारिश का पानी अंदर."

चांगला गवंडी मला एकच माहीत होता.

निरोप धाडला, तर तो आला. केस पांढरे, पण हात तसेच. चौकटीत उभा राहून त्यानं मला वरून खाली पाहिलं.

"काय दाजी, आज काय फोडायचंय?"

मी हसायचा प्रयत्न केला. शेगडी दाखवली. त्यानं काचेचं दार उघडलं, आत बोट फिरवलं, बंद केलं. मग मागं जाऊन त्या फरशीवर उभा राहिला, आत आला, खडूनं भिंतीवर एक गोल काढला. छिन्नी टेकवली. आणि हातोडी तशीच धरून थांबला.

"आक्काला विचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. तिला अचानक दाखवायचं, असं मनात होतं. पिशोरला जाऊन म्हणायचं, चल, बघ काय केलंय. यावेळीही मी तिच्याच चुलीचं सगळं तिच्याशिवाय ठरवलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"मग लावा फोन. मी नाय मारणार." तो खाली बसला, तंबाखूची पुडी काढली. "एकदा लई महागात पडलंय मला."

मी फोन लावला. मागं भांड्यांचा आवाज येत होता, बहिणीचं काही बोलणं चाललं होतं. मी पेलेटचं सांगितलं, शेगडीचं, पाइपचं. ती ऐकत होती.

"भिंत कोण फोडतंय?"

"तुझा भाऊ."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. फोन ठेवील असं वाटलं, म्हणून मी घाईनं बोललो. सलग असं काही आलं नाही. परात पडली नव्हती, एवढं आधी म्हटलं. मग साहेब जेवायला येणार होते ते. मग, की 'आक्काला विचारलं का' असं त्यानं मला तेव्हाच विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं. खाली बसलेला तो तंबाखू मळायचा थांबला होता.

"तो तवा बोलला का नाही?" तिनं विचारलं.

मी त्याला विचारलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "बोललो असतो तर तुमची भांडणं झाली असती. बहिणीच्या घरात भांडण लावून जायचं व्हय?"

तिनं ते ऐकलं असावं. "त्याला द्या," म्हणाली.

मला फक्त त्याची बाजू ऐकू आली. "व्हय आक्का... नाय, नाय... गुडघा दुखतोय, बाकी बरंय... पोरगं वाळूजला कंपनीत हाय... अगं रडती कशाला..." आणि हे म्हणताना त्याचाच आवाज गेला. मग बराच वेळ तो नुसतं व्हय, व्हय म्हणत राहिला. फोन परत दिला तेव्हा त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"आक्का म्हणती, भोक पाड. पण शेगडी एवढी उंच नको. खाली बसणाऱ्याला जाळ दिसला पायजे." त्यानं खडूचा गोल पुसला आणि वीतभर खाली दुसरा काढला.

मी फोन कानाला लावला. "मग तू येशील बघायला?"

"शेगडी बघायला मी यायचं," ती म्हणाली, "आन् इथली चूल बघायला तुम्ही कधी आलात?"

मी तिला एसटीत बसवून द्यायचो, आणायला मात्र मुलगा जायचा.

भाऊबीजेला तो आणि मी पिशोरला गेलो. बसमध्ये तो खिडकीशी बसून मला टोमणे मारत होता. "दाजी, तिथं खुर्ची नसती बरं का. आन् पेपर बी येत नाय." घरी गेल्यावर तिनं त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं. ताटात त्यानं पाकीट टाकलं आणि वर कोरी थापी ठेवली, "आता गवंडी बी तूच," म्हणाला. ती हसली. इतकी मोठ्यानं हसली की बहीण आतून बघायला आली. तिचं हे हसणं मी कोणत्या वर्षी शेवटचं ऐकलं होतं, ते आठवत बसलो.

संध्याकाळी मी चुलीपुढं बसलो. गुडघे वाकत नव्हते, धुरानं डोळ्यांत पाणी येत होतं. ती भाकरी थापत होती. एकदा माझ्या बाजूचं लाकूड आत सरकवलं, म्हणजे धूर माझ्याकडं येईना.

"तुमच्या शेगडीवर भाकर होती का?"

"नाही."

"वांगं भाजता येतं?"

"नाही. नुसती ऊब."

"नुसती ऊब," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

सकाळी निघताना विचारलं, येतेस का. तिनं भावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "यंदा नाय. बहीण एकटी हाय." लोकांना सांगायचं माझंच वाक्य. ते तिला माहीत होतं की नाही, कळलं नाही. मग आत जाऊन जुनी काळी घोंगडी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. "ही शेगडीपुढं टाका. ज्वारी निघाली की बघते."

ज्वारी निघते तेव्हा आमच्याकडं थंडी उरत नाही. दुपारी पंखा लावावा लागतो.

घोंगडी मी टाकली आहे. शेगडी चांगली पेटते, पाइप बाहेरच्या अंगाला उतरता आहे, भिंतीला तडा गेला नाही. कधी कधी तो गवंडी येतो, काचेकडं बघत चहा पितो, मजुरीचा हिशोब काढला की शिव्या देतो. एरवी मी एकटा असतो. घोंगडीवर मी बसत नाही, शेजारी सतरंजी टाकून बसतो. मधूनच हात लावून बघतो, ती बसेल ती जागा गरम झालेली असते.

परवा पेलेटवाल्याचा फोन आला, थंडी संपत आली, आता बंद करू का. मी आणखी पोती पाठवायला सांगितली. पावसाळ्यात ओल लागली की कांड्या फुगून भुसा होतो, म्हणून ती पलंगाखाली विटांवर रचून ठेवली आहेत.