चौथा नाल

इब्राहिम नालबंद गेल्याचं मला पनवेलच्या टांगा स्टँडवर कळलं. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाशी भाड्यावरून हुज्जत घालत होतो. हुज्जत पुरी केली, भाडं ठरवलं आणि दफनाला गेलो नाही. दोन वर्षं त्याच्याशी बोललो नव्हतो... आता जाऊन काय बोलणार होतो?

माझ्या एका टांग्याचे पाच झाले ते त्याच्याच हातच्या नालांवर. माझी पांढरी घोडी चंद्री मागचा डावा पाय आत वळवून चालायची. त्या पायाचा नाल लवकर झिजायचा. एकदा मी सौदा केला, तीन नाल नवे आणि त्या पायाला जुनाच. इब्राहिम हसला. "शेट, या पायानं तुमचं काय घोडं मारलंय?" तरी त्यानं तो जुना नाल भट्टीत घालून, ठोकून, तिच्या वाकड्या खुराला बेतून बसवला.

पुढे चंद्रीच्या खांद्याला जखम झाली, चिघळली. जनावरांच्या छळाविरुद्धचा नवा कायदा तेव्हा आला होता. जखमी घोडं जुंपलेलं दिसलं की खटला. अड्ड्यावर सगळ्यांनी त्यावर तोड काढली होती. लगाम, घुंगरं, गळपट्टा काढून घ्यायचा आणि घोडं उलव्याच्या मिठागरांकडे सोडून द्यायचं. बेवारस जनावराचा मालक कोण शोधणार? मीही तेच केलं. अंगावरचं सगळं उतरवलं. नाल तेवढे विसरलो.

इन्स्पेक्टरनं तिला कोंडवाड्यात आणलं आणि पायातले नाल ओळखायला इब्राहिमला बोलावलं. खटला उभा राहिला. तारखांवर तारखा पडल्या. तोवर चंद्री म्हणजे कोर्टाचा मुद्देमाल. तिच्या जखमेला हात लावायचा तर कुणाचा हुकूम लागतो, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. इब्राहिम रोज पाण्याची बादली घेऊन जायचा. मी गेलो नाही. गेलो असतो तर मालक ठरलो असतो.

साक्षीच्या आठ दिवस आधी ती मेली. कोर्टात मी शपथेवर म्हणालो, "ही घोडी माझी नव्हती." इब्राहिम माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, नाल माझ्या हातचा हाय. घोडी शेटची."

दंड झाला. बाहेर मी त्याची गचांडी धरली. "मेलेल्या घोडीसाठी जित्या दोस्ताला अडकवलंस?"

त्यानं माझा हात सोडवलासुद्धा नाही. "शेट, रस्त्यानं टांगा गेला की ती मान वर करायची," तो म्हणाला. "तुमी आलाच नाय."

कायद्यानं मला धरलं, तिला कुणी सावरलं? हा माझा सवाल अजून आहे. पण त्यातला निम्मा माझ्याच अंगावर येतो, हे मला तो गेल्यावर कळतंय.

परवा नाल मारायला घोडा घेऊन त्याच्या दुकानी गेलो. उरणहून आलेला त्याचा भाऊ आता भट्टी चालवतो. भात्याच्या वर, खिळ्याला एक झिजलेला, एका बाजूला वाकलेला नाल टांगलेला होता.

"हा भाईनं कधी काढू दिला नाय," तो म्हणाला. "कुणाचा, ते पण सांगितलं नाय. तुमाला ठावं हाय?"

घोडा पाय आपटत होता. मी त्याची दोरी घट्ट धरली.

"माझ्या घोडीचा," मी म्हणालो.